पंचवीस फुटांतला ग्यानबा

कोणी विचारलं, बाई, तुम्ही कॉलेजात असताना म्हणे सिनेमा काढला होता, तर मी सरळ सांगते की नाही काढला. सिनेमाची सुरुवात तेवढी काढली, त्याच्या पुढं आमची गाडी गेली नाही. का गेली नाही ते सांगते, पण मधे बोलायचं नाही. जन्मभर मास्तरकी केली आहे, मला मधे बोललेलं खपत नाही.

साल चौऱ्याहत्तर. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. पूनमचंद माझा चुलतभाऊ. त्याचे वडील आणि माझे वडील मिळून बाजारात कापडाचं दुकान चालवायचे, वर आमची घरं. पूनमच्या मुंबईच्या मामानं त्याला आपला जुना सिनेमाचा कॅमेरा दिला. चावीचा. चावी भरायची आणि खटका दाबायचा, की आत घुर्रर्र वाजायचं. आवाज त्यात येत नव्हता, रंग येत नव्हते. सोबत एकच रीळ दिलं आणि सांगितलं की हे नीट वापरून दाखव, मग दुसरं पाठवतो. पूनमनं तो कॅमेरा घरभर असा मिरवला की आजी धापूबाई म्हणाली, एवढा जीव दुकानात लावला असता तर अकोल्याला शाखा निघाली असती.

आम्ही चौघं होतो. पूनम, मी भागिरथी, केनवडचा इंद्रभान आणि आसेगावचा ग्यानबा. सगळे एकाच वर्गातले. इंद्रभानच्या तोंडाला कुलूप नव्हतं. बोलतो जास्त म्हणून तोच दिग्दर्शक झाला. ग्यानबा होस्टेलवर राहायचा. नाव आजोबाचं ठेवलेलं, त्यावरून सगळे चिडवायचे. हा चिडायचा नाही. "आज्याचं नाव हाये, आज्यानं काई वापरून संपोलं नाई," म्हणायचा.

मला पोरांमध्ये बसायची परवानगी मिळाली ती पूनम सोबत होता म्हणून, आणि आजीच्या एका अटीवर. आमच्या घरात दिवस मावळल्यावर कोणी जेवत नाही, म्हणून ऊन आहे तोवर पानावर हजर पाहिजे. इंद्रभानला वाटलं आता पंचाईत झाली. पण पूनम म्हणाला, "अरे, या कॅमेऱ्याले तरी दिवस मावळल्यावर काय दिसते? आपला सिनेमाच जैन हाये." त्यावर ग्यानबा इतका हसला की खालून काकांनी काठी ठोकली.

बैठक दुकानाच्या वरच्या खोलीत. थानांच्या थप्प्या, त्यावर आम्ही. सिनेमाची गोष्ट इंद्रभानची होती. खेड्यातला पोरगा शिकायला शहरात जातो, परत येतो तर गाव त्याला ओळखत नाही. गोष्ट बरी होती, पण सांगायला इंद्रभानला दोन तास लागायचे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "सुरुवात अशी. सूर्य उगवते. मंग बैलाचे पाय. मंग विहीर. मंग मंदिराचा कळस, मंग जवारीचं वावर, मंग पाखरं, मंग..."

"थांब," पूनम म्हणाला. "कापड किती, हे आधी पाह्य."

पूनम शेवटी दुकानातलाच. रीळ पंचवीस फुटांचं. उलटून दोन्ही अंगांनी चालायचं, तरी सगळं मिळून चार मिनिटं. त्यानं खालून पांढऱ्या फितीची गुंडाळी आणली, परकराला लावतात ती. पंचवीस फूट गजानं मोजून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा अंथरली आणि शिंप्याचा निळा खडू इंद्रभानच्या हातात दिला. "हा तुझा सिनेमा. कोणती गोष्ट किती फूट, तितं रेघ मार. अन् एकदा कापलं की जोडता येत नाई."

असं आम्ही त्या सुरुवातीचं कापड बेतलं. पुस्तकात कोणी असं शिकवत असेल की नाही, मला माहीत नाही. सूर्याला इंद्रभाननं तीन फूट दिले. मी म्हटलं, सूर्य सगळ्यांनी पाहिला आहे, त्याला काय एवढा मान. त्यावर आमचं जे जुंपलं ते जुंपलं. बैलाचे पाय गेले, कळस गेला, पाखरं गेली. इंद्रभान पाखरांसाठी एक दिवस रुसून बसला. मग पूनमला पाटीवर सगळ्यांची नावं हवी होती, सगळ्यांत आधी स्वतःचं. ते मी खडूनं खोडलं.

ग्यानबा सगळं ऐकून घेत खिडकीत बसायचा. एक दिवस म्हणाला, "मी सांगू काय? सुरुवातीले कोणी काईच करू नोका. पोरगा दारात उभा राह्यते. आपल्याकडं पाह्यते. मंग हासते. बस."

"अन् मंग?" इंद्रभान म्हणाला.

"मंग काय मंग. पाह्यणाऱ्याले आधी माणूस ओयखू द्या. एकदा त्यानं ओयखला की मंग त्याले कुठी धाडायचं तिकडं धाडा. ओयखलाच नाई त तो गेला काय अन् राह्यला काय, त्याले काय फरक पडते?"

इंद्रभाननं खडू उचलला. वाद न घालता त्यानं काही केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यानंच फितीच्या सुरुवातीला पाच फुटांवर रेघ मारली आणि त्या तुकड्यात लिहिलं: ग्यानबा. कारण तोवर आमच्या कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं की तो पोरगा व्हायचं कोणी. पूनम कॅमेऱ्यामागं, इंद्रभान हुकूम सोडणार, मी तर पोरगीच. पुढचं मग भराभर बेतलं. माय भाकर बांधून देते. पोरगा बोळीतून निघतो. वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालतो. वळून पाहतो. सडकेवर एस.टी. येते, तो चढतो. शेवटी फाट्यावर नुसती धूळ.

आवडायचा मला तो. झालं, सांगून टाकलं. कापडवाल्या केशरीचंदची पोरगी आणि आसेगावच्या बौद्धवाड्यातल्या भिवाजीचा पोरगा, आणि वर चौऱ्याहत्तर साल. यातून काय निघणार होतं ते मला काय, शेंबड्या पोराला कळत होतं. मी त्याला कधी म्हटलं नाही. त्यानंही नाही. पण फितीवर त्याचं नाव इंद्रभाननं वेडंवाकडं लिहिलं होतं ते मी पुसून नीट लिहिलं, एवढं आठवतं.

कच्च्या रिळाचं पूनमनं आम्हाला त्याच खोलीत समजावलं. चित्र काढल्या काढल्या दिसत नाही. रीळ मुंबईला धुवायला पाठवायचं, धुतल्यावर चित्र उमटतं. तोवर ते अंधारात पाहिजे. "उजेड लागला की खतम. जे काडलं ते सारं पुसून जाते, मंग ब्रह्मदेव आला तरी दिसत नाई." आम्हाला ते पटकन कळलं. कॉलेजातली पोरं आम्ही.

संक्रांत झाल्यावर सकाळच्या बसनं आसेगावला गेलो. भिवाजीकाका फाट्यावर घ्यायला आले, स्वच्छ धोतर, टोपी. ग्यानबाच्या मायनं, विमलबाईंनी, अंगण सारवून ठेवलं होतं. बाई बारीक चणीची, बोलता बोलता हातानं काहीतरी काम करत राहणारी. एकच लेक. एक आधीचं गेलेलं होतं, एक नंतरचं. त्या मला मोठ्या पोरीसारखं जवळ घेऊन म्हणाल्या, "ये माय. एवढी उन्हाची आली तू."

पहिलं चित्र दारातलं. ग्यानबा उंबऱ्याच्या आत उभा राहिला. पूनमनं चावी भरली. इंद्रभाननं हात वर केला. घुर्रर्र वाजायला लागलं आणि ग्यानबानं पाहिलं. कॅमेऱ्याच्या शेजारी मी उभी होते. त्यानं आधी मला पाहिलं, मग भिंगाकडं पाहिलं, आणि हसला. तसं ठरलेलं नव्हतं. इंद्रभान पाच फूट झाल्यावर थांब म्हणायला विसरला, दोन फूट जास्त गेले.

भाकरीच्या वेळी विमलबाई अडून बसल्या. "नाई बा. या लुगड्यावर नाई. फाटकी दिसीन त लोक म्हणतीन, पोराले शिकोते अन् मायले लुगडं नाई. होळीले नवं आनतीन तई काडजा." भिवाजीकाकांनी सांगितलं, ग्यानबानं हात जोडले, ऐकायला तयार नाहीत. इंद्रभान चडफडला. मग ठरलं की मायचा तुकडा राखून ठेवायचा, पुन्हा येऊन काढायचा. बाकी सगळं त्या दिवशी झालं. बोळ झाली, धुरा झाला, वळून पाहणं झालं, एस.टी. सुद्धा वेळेवर आली. विमलबाई दिवसभर पूनमच्या मागं मागं. पोरगा चालतो आणि घुर्रर्र वाजतं, यात काय होतं आहे ते त्यांना उमगत नव्हतं.

"आता हा गेला कुठी?" त्यांनी विचारलं.

"या डब्यात गेला, मावशी," इंद्रभान म्हणाला. "तुमचा ग्यानबा पक्का बंद केला आमी."

"बरं झालं. घरात त टिकतच नाई," त्या म्हणाल्या आणि सगळे हसलो. मीही हसले.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. ग्यानबाला होस्टेलवर ताप आला. साधा ताप म्हणून घरी गेला. ताप डोक्यात चढला, बोलणं तुटलं. बैलगाडीतून फाट्यावर आणि तिथून मोटारीनं अकोल्याला नेईपर्यंत उशीर झाला. आम्हाला कळलं तेव्हा माती देऊन झाली होती. मी दुकानाच्या वरच्या खोलीत गेले, दार लावलं आणि एका थानात तोंड घालून रडले. आईनं बाहेरून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पोट दुखतं. दुसरं काय म्हणणार होते?

पूनमनं रीळ कॅमेऱ्यातून काढलं. मायसाठी राखलेला तुकडा तसाच कोरा राहिला. रजईत हात घालून, अंधार करून, त्यानं ते पत्र्याच्या छोट्या डब्यात ठेवलं आणि कडेनं चिकटपट्टी लावली. मामाकडं मुंबईला जाणारा एक माणूस होता, त्याच्याजवळ द्यायचं होतं. त्याआधी आसेगावहून निरोप आला. ग्यानबाचं पुण्यानुमोदन आहे, या.

आम्ही तिघं गेलो. डबा पूनमच्या पिशवीतच होता.

भिंतीवर भगवान बुद्धाचं चित्र आणि बाबासाहेबांची तसबीर. खाली पाटावर पांढरा कपडा अंथरलेला, मेणबत्त्या, उदबत्त्या, फुलं. आणि मधे जिथं गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, ती जागा रिकामी. ग्यानबाचा फोटोच नव्हता. मॅट्रिकच्या वर्गाचा एक सामुदायिक फोटो होता, त्यात मागच्या रांगेत याचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं, तेही पुढच्याच्या टोपीनं अर्धं झाकलेलं. भिवाजीकाका तो फोटो हातात घेऊन उभे होते. ठेवावा की न ठेवावा, त्यांना कळत नव्हतं. काही कळत नसतं अशा वेळी लोक जसे बसतात तसे पाव्हणे बसले होते.

विमलबाई भिंतीला टेकून होत्या. आम्हाला पाहिलं आणि सरळ म्हणाल्या, "तुमी काडला होता ना त्याले? कुठी हाये?"

इंद्रभाननं पूनमकडं पाहिलं. पूनमनं पिशवीतून डबा काढला. "याच्यात हाये, मावशी. आता मुंबईले जाते. धुऊन आला की आमी मशीन घेऊन येतो अन् भिंतीवर दाखोतो. चालताना, हासताना. सारा गाव पाहीन."

"चालताना?"

"हो."

"एकदा पाहू द्या मले," त्या म्हणाल्या. "एकदा चालताना पाह्यला की मंग मी कोनाले काई मांगत नाई." मग हात पुढं केला. "आज तो डब्बा इथं ठेवा."

आणि तो डबा पाटावर ठेवला, फोटोच्या जागी. वर झेंडूचा हार. भन्ते आले होते, त्यांनी काही विचारलं नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं. एकेक म्हातारं माणूस उठून त्या पत्र्याच्या डब्याला फूल वाहून हात जोडत होतं. मीही वाहिलं. मला सांगा, कोणाच्या नशिबी असं येतं? ज्याच्याशी धड बोललेही नव्हते, त्याच्या नावानं एका डब्याला फूल वाहायचं.

निघताना पूनमनं डबा मागितला तर विमलबाई म्हणाल्या, "दोन दिवस राहू द्या माह्यापाशी." नाही कसं म्हणणार? पूनमनं भिवाजीकाकांना बाजूला घेतलं आणि समजावलं. उघडू नका, उजेड लागू देऊ नका. काकांनी मान हलवली. दोन दिवसांनी ते स्वतः दुकानात आले. डबा नव्या रुमालात बांधलेला, पट्टी जिथल्या तिथं. पूनमनं तो त्याच संध्याकाळी मुंबईला धाडला.

मग वाट पाहणं. काका दर बाजाराला दुकानाच्या पायरीवर यायचे, आत यायचे नाहीत. "आला काय जी?" विचारायचे आणि नाही म्हटलं की ज्वारी घेऊन निघून जायचे. विमलबाईंचा मात्र एकदाही निरोप आला नाही. मला वाईट वाटलं. त्या दिवशी हात पुढं करणारी बाई अशी गप्प कशी, म्हणून मी मनात जरा चिडलेसुद्धा.

रीळ आलं तेव्हा होळी होऊन गेली होती. गावात फोटो स्टुडिओवाले धरमसिंग होते, लग्नात रीळ दाखवायचं मशीन त्यांच्याकडं होतं. आधी आपण पाहू, मग आसेगावला नेऊ, असं ठरलं. वरच्या खोलीच्या खिडक्या थानं लावून बंद केल्या. भिंतीवर पूनमच्या वडिलांचं पांढरं धोतर ताणून लावलं. मी पुढं बसले. तो दारात उभा राहील, आधी माझ्याकडं पाहील. मला पुन्हा पाहायचं होतं की त्यानं खरंच आधी माझ्याकडं पाहिलं होतं.

मशीन सुरू झालं. धोतरावर पांढरा उजेड पडला. मला वाटलं आता येईल. उजेड तसाच. एखादा ठिपका यायचा आणि जायचा. पाच फूट गेले, दहा गेले. इंद्रभान हळूच म्हणाला, "उलटं लावलं काय?" शेवटपर्यंत तो पांढरा उजेड चालला आणि रीळ संपून फटफट वाजायला लागलं.

"उजेड लागला, बेटा," धरमसिंग म्हणाले. "कुठंतरी उजेड लागला. पुरा साफ."

पूनम खाली बसला. "माह्याच हातानं झालं," म्हणाला. "रजईत काडताना कुठूनतरी उजेड आला असन. नाई त कॅमेऱ्याचं झाकण ढिलं." इंद्रभाननं त्याची समजूत घातली, मी घातली, मुंबईवाल्यांनी बिघडवलं असेल म्हणून पाहिलं. तो ऐकेना. भिंतीला डोकं लावून रडला. तो दिवस आणि आजचा दिवस, पूनमनं कॅमेऱ्याला हात लावलेला नाही.

दोन दिवस आम्ही ठरवत होतो की सांगायचं कसं. सांगायचंच नाही, हे इंद्रभानचं म्हणणं. रीळ हरवलं म्हणू, ते त्याहून बरं. मी म्हटलं, तुम्ही बसा इथं बांगड्या भरून, मी जाते. मग तिघंही गेलो.

भिवाजीकाका निंबाखाली खाटेवर होते. इंद्रभानचं तोंड वाजेना, पूनम जमिनीकडं पाहत होता. मीच सांगितलं. "काका, वाटेत कुठेतरी बिघडलं. त्यात आता काही नाही." काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हातानं टोपीची घडी घालत राहिले.

विमलबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं आता हंबरडा फोडतील. त्या म्हणाल्या, "असू द्या. उन्हाचे आले तुमी, च्या मांडतो." आणि आत गेल्या.

मी मागोमाग गेले. चुलीत काड्या सारत होत्या. मी शेजारी बसले आणि माझं मलाच आवरेना. म्हटलं, "मावशी, तुम्हाला एकदा तरी पाहायला मिळालं पाहिजे होतं."

"रडू नोको, पोरी." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मले मालूमच होतं. मी तवाच पाह्यलं."

"काय पाहिलं?"

"तो डब्बा होता ना दोन दिवस. हे वावरात गेले तई मी उघडला. म्हटलं, हे लोकं मशीन आनतीन तवा आनतीन, मी आज पाह्यतो. पट्टी हळूच सोडली. आत फितीवानी गुंडाळेल होतं. अंगनात उन्हात बसली अन् सारं उलगडून पाह्यलं. हातभर हातभर सूर्याकडं धरू धरू. याच्यात असन, पुढच्यात असन." त्या काड्यांकडं पाहत बोलत होत्या. "काईच नोतं, माय. नुसती भुरकट पट्टी. मंग जसं होतं तसं गुंडाळलं अन् पट्टी लावून देल्ली. ह्यायले सांगतलं नाई. ते बिचारे बाजाराले गेले की तुमाले विचारत. म्हटलं, विचारू दे. तेवढाच त्यायले आधार."

माझं रडणं थांबलं. पूनमनं काकांना समजावलं होतं. घरातल्या बाप्याला सांगितलं म्हणजे घराला सांगितलं, अशी आमची सगळ्यांची रीत. ज्या माणसाचा पोरगा जाऊन चार दिवस झाले होते, त्याच्या कानात ते शिरलं तरी असेल का? आणि माय शेजारच्या खोलीत होती, तिला जाऊन सांगावं हे आम्हा शिकलेल्या तिघांपैकी कोणाला सुचलं नाही.

तो त्यात होता. हातभर हातभर तो तिच्या बोटांतून गेला. दारातला, बोळीतला, धुऱ्यावर वळून पाहणारा. ती त्याला शोधत होती आणि तिच्या शोधण्यानंच तो पुसला जात होता, आणि शेवटचा तुकडा हातात आला तेव्हा जगात तो कुठेच उरला नव्हता. बाहेर पूनम स्वतःला खात होता. त्याला मी पुढं सांगितलं, ती गोष्ट वेगळी. पण इथं माझ्यासमोर ही बसली होती.

"तुमचा राग नाई," विमलबाई म्हणाल्या. "तुमी लेकरं. ऐन वक्ताले मले बरं वाटावं म्हणून बोलले असान. मले ते उमजलं, म्हणून मी निरोप धाडला नाई. कायले तुमाले खोटं पाडायचं?" त्यांनी चहाचं भांडं चुलीवर ठेवलं. मग माझ्याकडं वळल्या. "पन एक सांग. आता खरं सांगजो. त्यात तो होताच नाई ना?"

माझ्या मनात एकदा आलं की सांगावं. खरं म्हणजे खरं. होता मावशी, हसत होता, सात फूट हसत होता. त्यांचे हात तेव्हा त्यांच्या मांडीवर होते, पहिल्यांदाच काही काम न करता.

"नव्हता, मावशी," मी म्हटलं. "आम्ही खोटं बोललो. कॅमेरा बिघडलेला होता, त्यात काही आलंच नव्हतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. पदरानं तोंड पुसलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मीच काही गमावलं आहे आणि त्या मला समजावत आहेत असा.

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या. "दोन महिने जीवाले घोर होता, का असन अन् मलेच दिसला नसन. पन माय पाह्यते अन् लेकरू दिसत नाई, असं होते का कधी?"

"नाही होत," मी म्हटलं.